भिंगरी कधी मोठी करायची

सुलभाताई रायरीकरांचा आवाज कधी चढत नसे. नवागामच्या मराठी शाळेत एकेका बाकावर चार-चार पोरं बसलेला वर्ग त्यांनी नुसत्या नजरेवर सांभाळला होता. म्हणूनच त्या रविवारी त्यांचं ओरडणं ऐकून शेजारचे मगनभाई हातातला गुजराती पेपर तसाच घेऊन दारातल्या ओटल्यावर आले आणि "शुं थयुं, बेन?" असं विचारत उभे राहिले.

सांगितलं असतं, तरी मगनभाईंना ते पटलं नसतं. कारण भांडण एका व्हिडिओ गेमवरून होतं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. गणपती नुकतेच होऊन गेले होते. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना साबणाच्या पाण्यावरून सुलभाताईंचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, शाळेला रजा, दिवसभर खाट. त्यांचा धाकटा भाऊ पराग मालवाहू जहाजावर होता. तो सुट्टीवर आला, बहिणीला भेटला आणि जाताना आपला हातात धरून खेळायचा गेम तिच्या उशाशी ठेवून गेला. "ताई, पुस्तकं वाचून डोळे दुखले की हा खेळ," म्हणाला. चार बटणं कुठली ते दाखवलं आणि गेला.

खेळ असा, की रानावनात, गावोगाव फिरायचं, चित्रविचित्र जीव पकडायचे, त्यांना पाळायचं आणि दुसऱ्यांच्या जीवांशी झुंजवायचं. झुंजी जिंकता जिंकता जिवाची ताकद वाढते आणि एके दिवशी पडदा लुकलुकायला लागतो. म्हणजे जीव आता रूप बदलणार, मोठा होणार. तो लुकलुकत असताना बटण दाबलं, तर तो थांबतो, लहानच राहतो. नाही दाबलं, तर मोठा होतो, आणि एकदा मोठा झाला की पुन्हा लहान होत नाही.

सुरुवातीला सुलभाताईंनी बटण कधी दाबलंच नाही. त्यांचा पहिला जीव म्हणजे एक गोगलगाय, नाव ठेवलं ढब्बू. ढब्बू लुकलुकला आणि बघता बघता घराएवढा शंख पाठीवर घेऊन उभा राहिला. त्यांना केवढं कौतुक वाटलं! पण पुढे लक्षात आलं, की लहानपणी भराभर नवे डाव शिकणारा ढब्बू आता काही केल्या शिकेना. परागला फोनवर विचारलं, तर तो हसला. "घाई केलीस, ताई. काही डाव लहान असतानाच येतात. मोठा झाला की ते गेले ते गेलेच."

ही गोष्ट सुलभाताईंच्या मनाला फार लागली. आपल्याला कुणी सांगितलं का नाही, म्हणून त्या दोन दिवस चरफडत होत्या.

मग आली भिंगरी. मुंगसासारखी चपळ, शेपटीच्या टोकाला हिरवं पान, आणि झुंज जिंकली की स्वतःभोवती गरकन फिरायची. तिला पुढे 'थंड फुंकर' नावाचा डाव येणार होता. त्या फुंकरीने जखमी साथीदार बरे व्हायचे. पण तो डाव लहानपणीच येणार, आणि त्याला अवकाश होता. तोवर भिंगरी दर थोड्या दिवसांनी लुकलुकायची आणि सुलभाताई दर वेळी बटण दाबायच्या. लहान राहिल्यामुळे ती झुंजीत मार खायची. मग पुन्हा मागे फिरून तिला सावरायचं, सोप्या झुंजी द्यायच्या. प्लास्टर निघालं, काठी हाती आली, दिवाळीही झाली, तरी हे चालूच होतं. त्यांचे यजमान अरविंदराव बँकेतून येताना न सांगता पेन्सिल सेल घेऊन यायचे आणि चहा पिता पिता विचारायचे, "आली का फुंकर?"

आता तुषारचं सांगायला हवं. तुषार त्यांचा मुलगा. कडोदऱ्याच्या रस्त्यावर एका रंगाईच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगा वाईट नव्हता. दारू नाही, सिगरेट नाही, पगार घरात आणून द्यायचा. पण घरातल्या प्रत्येक गोष्टीचं आपल्यालाच अधिक कळतं, अशी त्याची पक्की खात्री. आईचा पाय मोडला, त्याच आठवड्यात त्याने तिची लुना विकून टाकली. विचारलंसुद्धा नाही. "आता तू कुठे चालवणार, आई? तुझ्या भल्यासाठीच केलं." स्वयंपाकघरातला ओटा फोडून उंच केला, तोही भल्यासाठीच. तेव्हापासून पोळी लाटताना सुलभाताईंचे खांदे भरून यायचे. त्या गप्प बसल्या. लुनाच्या वेळीही गप्प बसल्या, ओट्याच्या वेळीही.

त्या रविवारी तुषारला बघायला मुलीकडची मंडळी येणार होती. हे स्थळ अरविंदरावांच्या थोरल्या बहिणीने, कामरेजच्या छायावन्संनी आणलं होतं. मुलगी तेजस्विनी सहकारी बँकेत नोकरीला होती. ती, तिचे आईवडील आणि छायावन्सं बाहेरच्या खोलीत अरविंदराव आणि तुषारबरोबर बसली. सुलभाताई आत पाहुण्यांसाठी डाळीचा मऊ लोचो वाफवत होत्या. गेम बाहेरच्याच खोलीतल्या खाटेवर पडला होता, झुंज अर्धवट सोडलेली.

मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "हे कुणाचं खेळणं?"

"आईचं!" तुषार हसत म्हणाला. "आमच्या मातोश्री या वयात भुतं पकडतात. बघा, दाखवतो." आणि त्याने गेम उचलला. दोन बटणं दाबली. झुंज संपतच आली होती, ती जिंकली गेली. भिंगरी गरकन फिरली आणि पडदा लुकलुकायला लागला.

लुकलुकताना वाजणारी टुणटुण सुलभाताईंना स्वयंपाकघरात ऐकू आली. हातातला चमचा टाकून, काठी टेकत त्या बाहेर धावल्या. "तुषार, बटण दाब! खालचं बटण! थांबव ते!"

"अगं, मोठा होतोय प्राणी, आनंद मान!"

"नाही, नको! इकडे दे!"

तुषारने गेम डोक्याच्या वर धरला. सगळे हसायला लागले. छायावन्सं तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुलभाताई एका हाताने काठी सावरत दुसरा हात वर करत होत्या आणि तो हात काही पोचत नव्हता. वर पडदा लखलखला, सूर बदलला आणि थांबला. तुषारने गेम खाली घेतला, खेळ आहे तिथेच राखून ठेवायचं, म्हणजे 'सेव्ह'चं, बटणही दाबलं. का, तर आईची मेहनत वाया जाऊ नये म्हणून! "घे. तुझं काम करून दिलं."

पडद्यावर एक दांडगं, सुळेवालं जनावर उभं होतं. शेपटीला पान नव्हतं.

"हे परत फिरवता येतं का?" अरविंदरावांनी हळूच विचारलं. त्या खोलीत विचारण्यासारखा प्रश्न तेवढ्या एकाच माणसाने विचारला.

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज चढला. "तुला नको म्हणत होते ना मी? ऐकू येत होतं ना? माझा हात पोचू नये म्हणून वर धरलास! मी काय शाळेतली पोर आहे, तू टोपी पळवावीस आणि मी उड्या माराव्यात? कधी मोठी करायची ते मी ठरवत होते. गेले दोन महिने मी ठरवत होते! लुना विकलीस, बोलले नाही. ओटा फोडलास, बोलले नाही. आता यातही तुझं भलं?"

"जवा दे ने, आई," तुषार ओशाळं हसला. "पाहुणे बसलेत. एवढ्याशा खेळण्यासाठी..."

तेव्हा तेजस्विनी बोलली. "पण त्या नको म्हणत होत्या ना?"

"अहो, गंमत होती."

"तुमची होती," ती म्हणाली. "काकूंची नव्हती."

लोचो कुणी फारसा खाल्ला नाही. मंडळी लवकर उठली.

बुधवारी निरोप आला. मुलीचा नकार. कारण विचारलं, तर मुलगा समोरच्याचं ऐकून घेत नाही, असं मुलगी म्हणते. छायावन्सं तडक बस पकडून आल्या. "सोन्यासारखं स्थळ घालवलंस, सुलभा! एका खेळण्यापायी! लोकांना काय सांगू मी?"

"वन्सं, खरं तेच सांगा," सुलभाताई म्हणाल्या. "मुलाने आईची वस्तू तिचा हात पोचू नये अशी वर धरली आणि आख्खं घर हसलं. तुम्हीसुद्धा हसलात. तेही सांगा."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"तुमचंही चुकलं."

असं उत्तर वन्संना या घरात कधीच मिळालं नव्हतं. त्या जेवायलाही थांबल्या नाहीत.

तुषारने आठ दिवस अबोला धरला. उलट चोर तोच आणि तोंड फुगवलेलंही त्याचंच! याचा सुलभाताईंना जास्तच संताप यायचा. मग एका संध्याकाळी तो खाटेच्या कडेला टेकला. "बरं बाबा, चुकलं. झालं?"

"नाही झालं. काय चुकलं?"

"तो गेम घेतला ते."

"गेम घेतलास त्याचं काही नाही. खेळायला मी कुणालाही देईन. मी नको म्हटलं त्यानंतर काय केलंस?"

तुषार उठून गेला. सुलभाताईंनीही त्याला हाक मारली नाही. कुणी नुसतं 'झालं?' विचारलं की झालं म्हणायचं, असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. या खेपेला जीभ वळेना.

त्यांनी सगळं पुसून खेळ पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा तीच रानं, तीच गावं. शाळाही सुरू झाली होती, म्हणून खेळायला फक्त दुपारचा चहा होईपर्यंतचा वेळ. नवी भिंगरी मिळेपर्यंत थंडी पडली.

पोंकच्या, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत तुषारने ज्वारीचा कोवळा पोंक आणला, शेव आणली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सुलभाताई त्या उंच ओट्याशी टाचा उचलून पोळ्या लाटत होत्या. त्याने त्या टाचांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू नको म्हणालीस, ते ऐकलं होतं मी. तरी केलं. सगळे हसत होते म्हणून केलं."

"हं," त्या म्हणाल्या. लाटणं थांबलं नाही. "ओट्याचं काय?"

"खाली घ्यायचा का?"

"हो. चार बोटं. आणि गवंडी मी बोलावीन."

गवंडी त्यांनीच बोलावला, नवागामचा रामदास, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा बाप. उंची स्वतः उभं राहून दाखवली. तुषारचा राग मात्र त्यांच्या मनातून पुरता गेला असं नाही. लुना काही परत आली नाही, आणि रिक्षासाठी ताटकळताना तो हटकून वर यायचा.

थंड फुंकर आली ती जानेवारीतल्या एका शनिवारी. त्यानंतर भिंगरीला लहान ठेवायचं कारण उरलं नव्हतं. पडदा लुकलुकला. अरविंदराव शेजारीच बसले होते.

"आता करणार मोठी?"

"आज नाही," सुलभाताईंनी बटण दाबलं. "मला ती अजून अशीच आवडते."

पुढे एका दुपारी त्यांनी तिला मोठी होऊ दिलं. घरात कुणी नव्हतं. त्यांनी कुणाला बोलावलंही नाही. पडदा शांत होईपर्यंत पाहिलं, आणि मग चाचणीचे राहिलेले पेपर तपासायला घेतले.