गाडीपुरते नातेवाईक

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या सासऱ्यांना मी पाडलं, असं माझ्या सासुरवाडीत आजही बोललं जातं. हे साफ खोटं आहे! त्यांना कायद्याने पाडलं. मी फक्त तो वाचून दाखवला.

तेव्हा मी धुळ्याला एका वकिलांकडे कारकून होतो. शिंदखेड्याकडच्या माझ्या सासुरवाडीत मात्र मला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत आणि मी म्हणू देत असे. (बायको कधीच म्हणाली नाही.) सासरे, म्हणजे आबा, कापूस पिकवणारा साधा माणूस. राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्यांचं गाव आणि बाजाराचं गाव यांच्यामध्ये एक नाला होता. आदल्या पावसाळ्यात अडलेली एक बाई दवाखान्यात नेताना नाल्याला पूर आला, आणि ती अलीकडच्या काठावर, भिजत्या गाडीतच बाळंत झाली. आई-लेकरू कसंबसं वाचलं. आबा पुलासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आले आणि एक दिवस खाटेवर टोपी आपटून म्हणाले, “आते मीच मुंबईले जासू!”

असे ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली शिडी.

त्यांच्यासमोर होते बाजाराच्या गावचे तात्या. मतदान केंद्र कुठे? तात्यांच्याच गावात, शाळेत, त्यांच्या वाड्याला लागून! त्यांचे मतदार दात घासता घासता मत देऊन परत जाणार. आमच्या लोकांनी मात्र नाला ओलांडून तीन कोस तंगडतोड करायची. बरं, बैलगाड्या जुंपाव्यात, तर कायदा आडवा! उमेदवाराने मतदारांना वाहनातून नेलं, भाड्याने असो की फुकट, तर तो भ्रष्टाचार! ज्या गाडीतून कापूस जिनिंगला जातो, नवरी सासरी जाते, देव जत्रेला जातो, तिच्यात एक म्हातारी मत द्यायला बसली की लगेच भ्रष्टाचार? आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

“मंग म्हातारा लोके कशा जातीन?” आबा हताश होऊन म्हणाले.

मी आबांचा निवडणूक एजंट. दोन दिवस त्या कलमावर डोळे फोडले आणि मला एक कंस सापडला. (कंसांवर माझा पहिल्यापासून जीव आहे.) कंसात म्हटलं होतं की उमेदवार आणि त्याच्या कुटुंबातली माणसं यांना ही बंदी नाही.

“आबा, गावात तुमच्या कुटुंबातले किती?”

“बठ्ठं गावच!” आबा क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “परका कोन शे?”

झालं! मतदानाच्या दिवशी पहाटे गावातल्या सगळ्या गाड्या जुंपल्या. आबा दुसऱ्या केंद्रांवर फिरायला गेले आणि या केंद्राची सूत्रं माझ्या हाती आली. पहिल्या गाडीत पुढे, कोट घालून, मीच बसलो. शाळेशी पोचतो न पोचतो तोच तात्यांच्या एजंटाने आमच्या बैलाचा कासरा धरला.

“भ्रष्टाचार! भ्रष्टाचार!”

केंद्राधिकारी धावत आले. पुण्याकडचे कुणी हेडमास्तर होते.

“या बाई उमेदवाराच्या कोण?”

“मी आबानी मावशी,” गाडीतली म्हातारी सोनामाय ठणकावून म्हणाली.

“आणि हे गृहस्थ?”

“मी ह्या मावशीना जवाई.”

“आणि हे? हे तर मारवाडी दिसतात!”

गावातले दुकानदार शेठजी गाडीतून उतरले. “मनी घरवाली दरसाल आबाले राखी बांधस. मंग आबा मना साला व्हयना का नही? तुम्हीच सांगा!”

हेडमास्तरांनी कपाळ पुसलं. “अहो, कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं!”

“चूल हा शब्द कायद्यात कुठे आहे, दाखवा!” मी गरजलो. (तो नव्हताच. मी आधी पाहून ठेवलं होतं.)

हेडमास्तर वैतागून एजंटाकडे वळले. “तुम्ही तरी यांचे कोणी लागत नाही ना?”

एजंटाने मान खाली घातली. “आबा मना मामा लागतस.”

“सोडा त्या गाड्या!” असं ओरडून हेडमास्तर आत निघून गेले. आमच्या लोकांनी माझा जयजयकार केला. त्या घटकेला मला खरोखरच वकील झाल्यासारखं वाटलं.

पण रांग मारुतीच्या शेपटीसारखी. पेट्याच पेट्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, आणि चित्र पाहून कागद नेमक्या पेटीत टाकायला लोकांना युगं लागत होती. ऊन डोक्यावर आलं. पहाटेपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. इतक्यात आमची शेवटची गाडी आली. सासूबाईंनी तिच्यात टोपलीभर भाकरी आणि हंडाभर वरण पाठवलं होतं.

आणि मी आडवा आलो! उमेदवाराने मतदाराला जेवू घालणं म्हणजे लाच. निवडून आले तरी निवड रद्द. मी गाडी आल्या वाटेने परत पाठवली.

“जवाईबापू, भाकर परत कसाले धाडी?” सोनामायने विचारलं.

“कायदा आहे, मावशी. मतदारांना जेवू घालता येत नाही.”

“मतदार? आम्ही कुटुंबना नही का?”

“गाडीत बसण्यापुरते कुटुंबातले. जेवणाच्या बाबतीत मतदार.”

यात न समजण्यासारखं काय होतं? पण कोणी समजूनच घेईना! सोनामाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गाडीमा मावशी, नी गाडीखाले उतरनी का कोनी नही?” आणि रांग सोडून निंबाखाली जाऊन बसली. पाठोपाठ तिचा जावई, शेठजी, हळूहळू सगळं गाव. लग्नात मानपान चुकला की सोयरे रुसतात ना, अगदी तसे सगळे तोंड फिरवून बसले. नुसते मतदार असते तर बिचारे उपाशीपोटी मत देऊन गेले असते. मीच त्यांना नातेवाईक करून ठेवलं होतं!

आणि नेमकी तेव्हाच राधाक्का वाड्याबाहेर आली. राधाक्का म्हणजे तात्यांची बायको. पण माहेर तिचं आमचं गाव!

“मनं माहेर मना दारमा उपाशी?” ती पदर खोचत म्हणाली. “मत कोनलेबी द्या, पहिले जेवा!”

लोक चुळबुळले. भुकेले होते, तरी आबांचे होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ‘ही उमेदवाराची बायको आहे, खबरदार!’ असं बजावायला मी छाती फुगवली, तोच राधाक्काने माझा दंड धरला.

“जवाईबापू, गावना जवाई मना दारथीन उपाशी जाई का?”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? जावयाने अन्नाला नाही म्हटलं तर बायकोच्या अख्ख्या माहेराचा अपमान! मी आत गेलो तो केवळ तिला कलम समजावून सांगायला. समजावायला बसायला हवं म्हणून पाटावर बसलो. पहिलं पोटकलम होईतो ताटात वांग्याचं भरीत आलं. दुसऱ्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली, वर तेलाची धार, बाजूला कांद्याची पात. तोंडात घास आल्यावर तिसरं पोटकलम बोलता येईना.

बाहेरून शेठजींचा आवाज आला. “वकीलसाहेब जेवाले बठनात! म्हणजे कायदामा बसस!”

बघता बघता वाड्याचं अंगण भरलं. पंगतीवर पंगत उठली. मग सगळे ढेकर देत रांगेत उभे राहिले.

धुळ्याला मोजणी झाली. इतर केंद्रांवर आबा पुढे होते. या केंद्राच्या पेट्या उघडल्या, तात्यांची गच्च भरलेली निघाली, आमच्या शिडीच्या पेटीचा तळ दिसत होता. गाव खाल्ल्या मिठाला जागलं होतं. तिथेच आबा पडले.

परत येताना त्यांनी नाल्याशी गाडी थांबवली. नाला कोरडा होता. “औंदा पावसायामा कोनी बाई अडकनी तं काय करवानं?” एवढंच म्हणाले. मला भयंकर राग आला, आणि रडूही.

“आबा, हे आपण सोडायचं नाही!” मी ओरडलो. “त्यांनी मतदारांना जेवू घातलं. धडधडीत लाच! अर्ज करू, तात्यांची निवड रद्द होईल!”

आबांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. घरी पोचताच मी दौत-टाक घेऊन बसलो. असला झणझणीत अर्ज आमच्या वकिलांनीही कधी लिहिला नव्हता. आबा शेजारी बसून एकेका ओळीवर मान डोलवत होते.

“आता फक्त साक्षीदार हवेत,” मी म्हणालो. “कोण कोण जेवलं, त्यांची नावं सांगा.”

आबांनी सोनामायला बोलावलं, शेठजींना बोलावलं. दोघांनी एकच सांगितलं, “पहिले जवाई बठनात, मंग आम्ही.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “मंग पहिलं नाव कोनं लिखो, जवाईबापू?”

मी दौतीला बूच लावलं आणि आबांना स्पष्ट सांगितलं, की या कलमात मुळात काही दमच नाही.