आठवा ठोसा

चारकोपला आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर माझ्या क्लासचा बोर्ड आहे. आजवर तो तीनदा बदलला. आधी साधं कराटे, मग दुसऱ्या स्टाइलचं कराटे, मग कोरियन लाथा, मग किकबॉक्सिंग. दर वेळी नवा गणवेश, नवं सर्टिफिकेट, आणि दर वेळी वाटायचं, हीच खरी. यंदा सहाच मुलं उरली. पालक विचारतात, "सर, एमएमए, ती मिक्स मारामारी, शिकवता ना?" मला आता नाही म्हणायचाही कंटाळा येतो. गुडघा कुरकुरतो. तरी त्याचाच नवा बोर्ड करायला टाकला. ऑफिसातून आल्यावर क्लास नसेल तर मी कोण, हे मला ठाऊक नाही.

जुना बोर्ड उतरवायला मित्राला बोलावलं. आम्ही शाळेत असताना एकाच मास्तरांकडे कराटे शिकलो. मास्तरांनी जपानी आकडे नुसते ऐकून पाठ केले होते, त्यामुळे आठला 'हाची'ऐवजी ते 'हाच' म्हणायचे. स्टाइल बदलल्यावर मी सगळ्यात आधी ते सुधारलं, आणि अजून 'हाच'च म्हणणाऱ्या मित्राला चारचौघांत हसलोही. तो गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचा मालवणकडचा. तो मास्तरांना सोडून कुठे गेलाच नाही. रोज सकाळी गच्चीवर मास्तरांनी शिकवलेला तो एक सरळ ठोसा मारतो, मोजतो आणि कामाला जातो. ना पट्टा, ना बोर्ड. खोटं कशाला बोलू, मला त्याची कीव यायची.

तो स्टुलावर चढला, पण स्क्रू काही काढेना. खाली उतरून त्याने तळवा पुढे धरला.

"आधी एक ठोसो मार बघू."

मी मारला.

"ह्यो किकबॉक्सिंगचो. दुसरो मार."

मारला.

"ह्यो सर्टिफिकेटवालो." तळवा जागचा हलला नव्हता. मला मात्र धाप लागली होती. "बरे आसत रे. पण ह्यातलो तुझो खयचो?"

माझा कुठला म्हणे! चिडून म्हटलं, "तू मार ना मग!" आणि मी तळवा धरला. त्याचा ठोसा कुठून येणार, कसा येणार, सगळं मला शाळेपासून पाठ होतं. तरी हात खांद्यापर्यंत बधिर झाला. क्लासला आलेली मुलं दारात उभी राहून बघत होती. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त थकवा आला, इतक्या वर्षांचा एकदम.

"बोर्ड राहू दे," मी म्हटलं. "तू मोज."

मी मुलांच्या रांगेत शेवटी उभा राहिलो. तो मोजत गेला आणि आम्ही मारत गेलो. सातपर्यंत माझं कोपर बाहेरच जात होतं. मग तो म्हणाला, "हाच!"

मुलं खुदकन हसली. रांगेत शेजारी उभी असलेली मुलगी माझ्याकडे वळली. "सर, हाची ना?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि कोपर आत घेऊन ठोसा मारला. "हाच."