राधानगरीच्या पाण्यात आगबोट

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मी गारगोटीच्या गाडीत चढलो, तेव्हा माझ्या तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. गळ्यात कॅमेरा, पिशवीत फिल्मचा एकुलता एक रोल आणि सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दिलेले धपाटे. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता माझ्याकडं दोनदा बघितलं.

"काय काका, लगीन हाय काय कुणाचं?"

"आगबोट बघायला निघालोय."

"ह्या गाडीनं?" तो म्हणाला. "ही गारगोटीला जाती, काका. समुद्राला न्हाय."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. या हसण्याची मला चाळीस वर्षांची सवय आहे. आमच्या कोल्हापुरात पाणी म्हणजे पंचगंगा आणि रंकाळा, आणि त्या गावात जन्मून मी आयुष्यभर बंदरांचे फोटो काढले. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, कारवार. शाळेला सुट्टी लागली रे लागली, की हा चित्रकलेचा मास्तर घाट उतरून धक्क्यावर हजर. शिक्षकांच्या खोलीत मला 'कप्तान' म्हणायचे. म्हणेनात का.

याचं मूळ सांगतो. सात वर्षांचा असताना मामानं मला वेंगुर्ल्याहून मुंबईच्या बोटीत बसवलं. नांगर उचलला, भोंगा झाला आणि धुराड्यातून जो काळाभोर धूर निघाला, तो बघून मी आनंदानं अक्षरशः नाचलो होतो. पुढं नोकरी लागली, पहिला कॅमेरा घेतला आणि धावत बंदरावर गेलो, तर वाफेच्या बोटी गेलेल्या. डिझेलवर चालणाऱ्या आल्या, मग त्याही बंद पडल्या. माझ्याकडं फोटोंच्या अकरा पेट्या आहेत. त्यांत मच्छीमारी बोटी आहेत, मालाची जहाजं आहेत, गंजलेले सांगाडे आहेत. पण वाफेवर चालणारी, धूर सोडणारी आगबोट एकही नाही. वरात काढावी आणि नवरदेवच नसावा, अशी ती गत.

आणि मग गेल्या आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. राधानगरीकडं धरणाच्या फुगवट्याला एका गावात म्हणे आगबोट आहे. छोटी आहे, पण खरी आहे, वाफेची. कोकणातल्या एका खाडीत फिरायची. कुणा कंत्राटदारानं बैलगाड्यांवर घालून ती घाट चढवून आणली आणि मग तशीच टाकून दिली. कोल्हापुरात उद्यमनगरात फिटर म्हणून हयात घालवलेले एक अण्णा निवृत्तीनंतर तिच्यामागं लागलेत आणि दसऱ्याला ती पाण्यात सोडणार आहेत. "सर, एकदाच हं," तो म्हणाला. "परवानगी एकाच फेरीची मिळालीय. मग ती शाळेच्या पटांगणात उभी करणार." मी रात्रभर कुशी बदलत राहिलो. सुमन म्हणाली, "लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा तुम्ही घोरत पडला होता, सासूबाईंनी सांगितलंय मला."

बिद्रीला उतरलो. खरं म्हणजे तिथं उतरायचं काही कारण नव्हतं, पण साखर कारखान्याचं धुराडं दिसलं की मला राहवत नाही. समुद्र नसेल तिथं मी धुराड्यावर भागवतो. मोबाईलवर एक फोटो घेतला. रोल फक्त आगबोटीसाठी होता, बारा फोटोंचा, मोठ्या मिनतवारीनं मागवलेला. चहाच्या टपरीवाला बघत होता.

"पावणं, त्या चिमणीचा फोटू कशापायी?"

"धूर नाही निघत?"

"आत्ता कुठला धूर? दिवाळीच्या तोंडावर पेटंल की बॉयलर. मग या. एवढा धूर खावा की खोकून खोकून बेजार व्हाल." त्यानं चहा पुढं केला. "कुठं निघालाय?"

मी सांगितलं. त्यानं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "मला बी न्या की."

मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीची गाडी मिळाली आणि राधानगरीवरून वडाप (माणसं गच्च भरेपर्यंत जागची न हलणारी जीप). माझ्या मांडीवर एक कोंबडी आणि खांद्यावर कोणाची तरी झेंडूच्या फुलांची पिशवी. बाहेर भात पोटरीला आलेलं, डोंगर हिरवेगार आणि मध्येच झाडांतून धरणाचं पाणी दिसायचं. दर वेळी पाणी दिसलं की मी "आलं!" म्हणून उठायचो आणि कोंबडी ओरडायची. तिचे मालक शेवटी म्हणाले, "पावणं, तुमी बसा वाईच. पाणी कुठं पळून जात न्हाय."

अण्णांचं घर पाण्याला लागूनच होतं आणि घराशेजारच्या गोठ्यात म्हशींच्या पलीकडं ती उभी होती. वीस-बावीस फुटांची, हिरवी-पांढरी रंगवलेली, मध्ये पितळी पट्टी मारलेलं धुराडं. मी पिशवी टाकली आणि म्हशीच्या पाठीला वळसा घालून थेट तिच्याजवळ गेलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. अण्णा पंचाहत्तरीचे, खाकी अर्ध्या चड्डीत, इंजिनाचा एकेक जोड बोटांनी चाचपत होते.

"आवाज बघितला काय कसा येतुया?" त्यांनी पान्यानं बॉयलरवर टकटक केलं. "घंटीगत. भट्टीत चिपाडं घालायची, उसाची (रस काढून उरलेली). कोळसा कशाला? आपल्यात चिपाडाला काय तोटा हाय?"

मी कॅमेरा डोळ्याखाली आणला. माझा हा कॅमेरा जुना, पेटीसारखा. त्याला दोन डोळे, एकाखाली एक. वरच्या डोळ्यातलं चित्र वरच्या काचेवर पडतं, ते मी वाकून बघतो. खालच्या डोळ्यानं कॅमेरा बघतो आणि तेच फिल्मवर उमटतं. मी झाकण उघडतोय तोच मागून आवाज आला.

"आज न्हाय!"

अण्णांच्या कारभारीण, काकू, पुरणानं माखलेले हात घेऊन उभ्या होत्या. "आज खंडेनवमी. हत्यारं बसवल्यात. आज कुठल्या हत्याराला हात लावायचा न्हाय. ह्ये बी तुमचं हत्यारच न्हवं?"

"अहो, पण..."

"ह्येच्यावर तुमचं पोट चालतं न्हवं?"

पोट पेन्शनवर चालतं, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. चाळीस वर्षांत कुणी माझ्या कॅमेऱ्याला हत्यार म्हटलं नव्हतं. सगळे 'नाद' म्हणायचे. मी मुकाट्यानं कॅमेरा त्यांच्या हाती दिला. आतल्या खोलीत पाटावर अण्णांचे पाने, हातोड्या, विळे, खुरपी, म्हशीचं दावं अशी सगळी मंडळी झेंडूत बसली होती. त्यांच्या मधोमध माझा कॅमेरा विराजमान झाला. काकूंनी हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि मी पण हात जोडले. मग पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. चौथी पोळी मी नको म्हणालो तर अण्णा म्हणाले, "मग बोट कशी पेलणार तुमाला?" मी खाल्ली.

दसऱ्याच्या सकाळी भट्टी पेटली. थंड बॉयलर एकदम तापवला तर तडकतो, म्हणून अण्णा मूठमूठ चिपाड घालत होते. दुपारी तीनपर्यंत काटा हवा तिथं पोचला. आख्खा गाव पाण्यावर आला होता. बोट लाकडी ओंडक्यांवरून घसरत पाण्यात उतरली. ढोल वाजत होता. काकूंनी पूजा उतरवून कॅमेरा माझ्या गळ्यात घातला, "घ्या मास्तर, आता मारा." मी रुमालानं वरच्या कातडीवरचं कुंकू पुसलं आणि चिखलातून धावलो. एक चप्पल तिथंच राहिली.

अण्णांनी दोरी ओढली. भोंगा झाला! डोंगरावर आपटून परत आला. म्हशींनी शेपट्या उभ्या केल्या, पोरं पाण्यात उड्या मारायला लागली आणि धुराड्यातून धूर निघाला. करडा, दाट, गुळाच्या वासाचा धूर. अण्णांचा धाकटा भाऊ सुकाणूवर, अण्णा इंजिनाशी, आणि ती बोट धापा टाकत गावाची शीव ओलांडायला निघाली. त्या दिवशीचं सीमोल्लंघन पाण्यातून झालं. वरच्या काचेत सगळं लख्ख दिसत होतं. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो आठवत नाही, आणि एकामागून एक बाराही फोटो काढले. गावातल्या पंधरा-वीस जणांनी मोबाईलवर व्हिडिओ केले. त्यांत बोट कमी आणि त्यांची स्वतःची तोंडंच जास्त. मी मोबाईल खिशातून काढलासुद्धा नाही. मला माझ्या पेटीत जाणारा फोटो हवा होता.

बोट पलीकडच्या काठाला लागली, परत आली, अण्णांनी झडप उघडून वाफ सोडून दिली. फेरी संपली. त्यांनी मला आपट्याची पानं दिली आणि गळामिठी मारली. माझा सदरा काजळीनं काळा झाला. मी तसाच एका चपलेनिशी कोल्हापूरला परतलो आणि सुमननं दार उघडलं तेव्हा तिला उचलायचा प्रयत्न केला. कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात फिल्म धुतली. उजेडापुढं धरली आणि मटकन बसलो. बाराही फोटोंत नुसतं धुकं. कुठं बोट नाही, माणूस नाही. अंदाजानं एक करडा डाग दिसायचा, तो धुराडं असावा किंवा म्हैस. कॅमेरा उलटा केला. खालच्या डोळ्याच्या काचेवर हळद-कुंकवाचं बोट, चांगलं तुपाच्या हाताचं. चाळीस वर्षांत काच बघितल्याशिवाय मी फोटो काढला नव्हता. आयुष्यभर धूर मागितला आणि बाराच्या बारा फोटोंत धूरच मिळाला. मी रडलो, आणि मग इतका हसलो की सुमन धावत आली.

अण्णांना काय कळवायचं? काकूंना तर सांगणंच शक्य नव्हतं. शेवटी त्यातल्या त्यात बरा फोटो मोठा करून पोस्टानं पाठवला. चिठ्ठीत लिहिलं, "हवा जरा दमट होती." आठ दिवसांनी फोन आला. आधी काकू.

"मास्तर, लई झ्याक आलाय फोटू! देवापाशी लावलाय. वरच्या डोळ्याला म्या हात लावला न्हवता बगा, तुमाला दिसाय पायजे म्हणून. खालच्याला कुंकू लावलं, म्हणूनशान यश आलं."

"हो काकू," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग अण्णांनी फोन घेतला.

"मास्तर, पोरांनी मोबाईलवर दावली मला बोट. लई टकटकीत दिसत हुती म्हणं. मला काय ती माझी वाटली न्हाय. डोळ्यात मोतीबिंदू हाय. चार वर्सं झाली, समदं बोटांनीच केलंय बगा. मला ती जशी दिसती, तशीच्या तशी तुमच्या फोटूत हाय. धुरासकट. कसं काय जमवलं तुमी?"

फोन तसाच हातात धरून मी आतल्या खोलीकडं ओरडलो, "सुमन, आलाय गं! आगबोटीचा फोटो आलाय!"