कौसाबाईचं बोंडलं

मालिनीच्या स्वयंपाकघरात पावडरच्या दुधाचा एक जुना डबा अजून आहे. त्यावरच्या गुबगुबीत बाळाचं नाक केव्हाच खरवडून गेलंय, आत अळीव असतात. डबा खाली काढला की तिला हमखास कौसाबाई आठवते, आणि ती आता नाही हेही आठवतं.

कौसाबाई बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातली. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला यायची. रडून घर डोक्यावर घेतलेलं पोर तिच्या पायांवर आलं की निमूट पडायचं. तोंडाने मात्र फटकळ. निम्म्या क्वार्टर्सची डोकी आपल्याच हातून गोल झाली असं ती सांगायची, आणि एखादं चपटं राहिलंच तर तो दोष आईचा.

शहाऐंशी साली मालिनीला मुलगी झाली. कौसाबाई नेमकी भातलावणीला गावी गेली, आणि तिच्या पाठोपाठ मालिनीला टायफॉइड झाला. ती दहा दिवस हॉस्पिटलात, बाळ घरी सासूबाईंजवळ, म्हणजे माईंजवळ, बाटलीवर. मालिनी बरी होऊन घरी आली तेव्हा पुढे काय करायचं ते विचारायला नवरा, दिनानाथ, डॉक्टरांकडे जाऊन आला. दारात चपला काढता काढता म्हणाला, "वरचं चालू ठेवा म्हणाले."

वरचं म्हणजे बाटलीचं. विषय संपला. महिन्याभरात मालिनीचं दूध आटलं. बाळ छान बाळसं धरत होतं, तक्रारीला जागाच नव्हती. पण ते बाटली दिसली की हसायचं, आणि मालिनीला वाटायचं, आपण या घरात बाटल्या उकळायला ठेवलेली बाई आहोत. तिला फार वाईट वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचं हेच कळायचं नाही.

लावणी आटोपून कौसाबाई आली, तिने बाटली पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ दिनानाथच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो पोहे खात होता.

"सायेब, डाक्टर काय बोलला? त्याच्याच शब्दात सांगा."

दिनानाथने पेपर वर धरला. त्याचे कान लाल झाले होते. "अंगावरचं पुन्हा चालू करा, म्हणाले."

"मग वरचं कुठनं आलं?"

"माई बसली होती ना समोर."

कारखान्यात दिवसभर दारूगोळा तपासणारा हा माणूस आईसमोर 'अंगावरचं' एवढा एक शब्द उच्चारू शकला नव्हता. मालिनी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. बरंच केलं.

"येल दूध," कौसाबाई म्हणाली. "रेडकू तोंड लावतं म्हणून म्हस पान्हा सोडते. ती काय डाक्टरला इचारते? पण बाटली एकदम तोडायची नाय, पोर उपाशी ऱ्हायल."

मग दर वेळी आधी अंगावर, उरलेली भूक बाटलीवर, असं सुरू झालं. पण बाळ दोनदा चोखायचं, काही येत नाही म्हटल्यावर चिडायचं आणि पाठ ताणून रडायचं. तेव्हा कौसाबाईने माईंचं चांदीचं बोंडलं मागून घेतलं. बाळाला दूध पाजायचं हे चोचीचं इवलंसं भांडं दिनानाथच्या वेळेपासून कपाटात पडून होतं. त्यात पावडरचंच दूध घालून ती मालिनीच्या छातीवर थेंब थेंब सोडू लागली. ओघळ बाळाच्या ओठांपर्यंत जाई. बाळाला वाटे, इथूनच येतंय.

"पोरीला फसवतेस का गं?" माईंनी विचारलं.

"घरात सगल्यांनी फशिवलं, मी जरा फशिवलं तर काय झालं?"

माई अळिवाची खीर करायला आत गेल्या.

आठ दिवस गेले, दहा गेले. बाराव्या दिवशी मालिनी रडली. "कौसाबाई, आटलंय ते. सोडा आता." कौसाबाईने बोंडलं तेवढं पुन्हा भरून आणलं.

सतराव्या दिवशी सकाळी बाळ डोळे मिटून पीत होतं. घुटक्यांचा आवाज येत होता. मालिनीने सहज मान वर केली. बोंडलं कौसाबाईच्या हातात सरळ, उभं होतं. त्यातून काहीच सांडत नव्हतं.

"कौसाबाई, केव्हापासून धरलंय असं?"

"मगाधरनं," कौसाबाई हळूच म्हणाली. "हलू नको बाय. पिऊ दे."

बाटली पुरती सुटायला पुढे महिना लागला. पण त्या सकाळी माईंनी नेहमीप्रमाणे आतून विचारलं, "बाटली उकळायला टाकू का रे?" दिनानाथ बाहेर दारात उभा होता, कामावर निघालेला. शेजारचे दोघे त्याच्यासाठी थांबले होते.

"नको माई," तो तिथूनच म्हणाला, आणि चांगला मोठ्याने म्हणाला, "अंगावरचं पितेय ती."