वर्गभर डावे हात

मागच्या महिन्यातला शुक्रवार, सकाळचे अकरा. मी माझ्याच वर्गात परीक्षेला उभा होतो... हातात खडू, शर्ट पाठीला चिकटलेला.

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली, आता कुठे पूर्णवेळ जागा मिळाली. नव्या प्राध्यापकांचा महिनाभराचा ऑनलाइन कोर्स पास होऊन ते सर्टिफिकेट फायलीला लागलं की नोकरी पक्की. नाहीतर ये रे माझ्या मागल्या...

असाइनमेंट, चाचण्या सगळं झालं होतं. राहिला होता फक्त शेवटचा पाठ. वीस मिनिटं आपल्या वर्गात शिकवायचं आणि दूर कुठेतरी बसलेल्या तज्ज्ञ मॅडम लॅपटॉपवरून ते बघणार. पास-नापास त्यांच्या हातात.

खरं सांगतो, मी घाबरलो. आणि घाबरलेला मास्तर जे करतो तेच केलं... आदल्या दिवशी पोरांची तालीम घेतली.

आम्ही प्राथमिक शाळेत असताना तपासणीला साहेब आले की आमचे गुरुजी एक युक्ती करायचे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. गुरुजी फक्त उजव्यांना उठवायचे आणि साहेब खूश होऊन चहाला जायचे.

तीच युक्ती मी बी.ए.च्या पोरांना शिकवली. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेला माणूस मी... आज लिहितानाही लाज वाटते.

तालमीत तिसऱ्या बाकावरच्या खेमेश्वरीचा हात दर वेळी डावा. हिला काहीच येत नाही, असं मी ठरवून टाकलं आणि पुढे गेलो. चार प्रश्न, चार उजवे हात नक्की केले.

शुक्रवारी लॅपटॉप खिडकीत ठेवला, कारण आमच्याकडे नेटवर्क फक्त खिडकीत येतं. विषय होता मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खरेदी किती बदलते ते. स्लाइड सरकत होत्या, ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरं... बारा मिनिटं अगदी लोण्यासारखी गेली.

तेवढ्यात मॅडमनी माइक सुरू केला. "सर, एक प्रश्न मी विचारू का मुलांना?"

हे तालमीत नव्हतं. मी "हो, हो, विचारा ना" म्हणालो खरा, पण नजर आपोआप ठरलेल्या चार पोरांकडे गेली.

मिठाचा भाव दुप्पट झाला तर तुमच्या घरी मीठ निम्मंच आणतील का, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. साधाच असल्यामुळे पोरं बावरली असावीत, कारण माझ्या व्याख्येत मीठ कुठेच नव्हतं... आणि मग हात वर झाले. सगळ्यांचे. आणि सगळे डावे.

पोरांनी इमानदारीने माझा शब्द पाळला होता. मी मात्र जागच्या जागी गार पडलो.

मॅडमनी नेमकं तिसऱ्या बाकावरच्या निळ्या ओढणीवालीला उठायला सांगितलं. खेमेश्वरी! झालं, गेली नोकरी.

ती उठली. "नाई मॅडम. भाजीले जेवढं मीठ लागते तेवढं लागतेच. भाव वाढला म्हनून अळणी थोडीच खाऊ?"

इतकं नेमकं उत्तर माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं. मी श्वास सोडणार, तोच मॅडमचा पुढचा प्रश्न आला. "छान. पण सगळ्यांनी डावाच हात का वर केला?"

"मी त डावखोरी आहो, माहा डावाच उठते," खेमेश्वरी म्हणाली. तिने तिथेच थांबावं म्हणून मी डोळ्यांनी हात जोडले, पण नाही... "बाकीच्यायले येत नाई मॅडम. सरनं कालच सांगतलं, येते त्यानं उजवा करा, नाई येत त्यानं डावा."

स्क्रीनवर मॅडमचा चेहरा हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मी नेट जावं म्हणून देवाला विनवलं. पण नेट त्या दिवशी ठणठणीत होतं.

शेवटी मॅडम बोलल्या. "सर, सात मिनिटं उरलीत. आता या डाव्या हातांना शिकवा."

मी स्लाइड बंद केल्या. खडू दोनदा पडला. मिठाच्या शेजारी मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, बांगड्या घेतल्या आणि भाव वाढला तर काय कराल, असं एकेकाला विचारत गेलो. "मंग एकच डझन घेऊ सर," मागून कुणीतरी बोललं, आणि वर्ग पहिल्यांदा खरा हसला.

वेळ संपताना मॅडमनी पुन्हा हात वर करायला सांगितलं. उजवेच जास्त होते. खेमेश्वरी सोडून सात हात अजूनही डावे... मला वाटलं, या सातांनी मला बुडवलं.

बाहेर आल्यावर खेमेश्वरीला रागानेच विचारलं, काऊन सांगतलंस गं? "मॅडमनं इचारलं ना सर," ती म्हणाली आणि सायकल काढून निघून गेली. वर्षभर माझ्या वर्गात बसलेली पोरगी डावखुरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

परवा सर्टिफिकेट आलं. पास! सोबत मॅडमचा शेरा होता... "पहिली बारा मिनिटं शून्य. पण पाठ संपताना कोणत्या सात जणांना समजलं नाही, हे या शिक्षकाला माहीत होतं. म्हणून पास."

सर्टिफिकेट फायलीला लावलं. त्या सातांना दुसऱ्याच दिवशी थांबवून पुन्हा शिकवलं होतं.

डावा हात आजही माझ्या वर्गात चालतो, आता उघडपणे. "समजलं का?" विचारल्यावर एकही डावा हात दिसला नाही, तर मलाच धडधडतं. आणि खेमेश्वरीचा हात वर झाला की आधी तिलाच उठवतो... नोकरी राहिली ती तिच्या खरं बोलण्यामुळे, हे मी विसरणार नाही.