याकूबचाचांच्या दारातला बँड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या माणसाबरोबर वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून. ओळखीचा माणूस लगेच समजूत काढायला लागतो — जाऊ द्या हो, नोकरीत असं होतंच. ते झालं नव्हतं. मी केलं होतं.

मी नगरपालिकेत होतो, कर विभागात. वसुली लिपिक. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यात अशी आठ-दहा गावं आहेत, त्यातलं कुठलंही धरा. घरपट्टीच्या पावत्या लिहिणाऱ्या माणसाला कोण विचारतं, असं तुम्हाला वाटेल. मार्च महिन्यात येऊन बघायला हवं होतं तुम्ही. मार्च लागला की बुलडाण्याहून रोज विचारणा व्हायची, वसुली किती टक्के झाली. मुख्याधिकारी आमच्यावर ओरडायचे, आम्ही शिपायांवर. एका वर्षी नव्याने आलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी युक्ती काढली — थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवायचा. लग्नातला असतो तोच. लाल कोट, ढोल, ताशा, एक पिपाणी, आणि मागे रिक्षावर भोंगा. वाजवून गर्दी जमवायची आणि मग भोंग्यावरून घरमालकाचं नाव वाचायचं. माणूस लाजून पैसे आणून देतो. देतही होते बिचारे.

पण कुणाच्या दारात वाजवायचं, ती यादी कोण करणार? मी.

यादीत कोण नव्हतं ते आधी सांगतो. बसस्टँडजवळचं मंगल कार्यालय नव्हतं. त्याची थकबाकी गावात सर्वांत मोठी, पण ते एका नगरसेवकाच्या मेव्हण्याचं. यादीत सायकल दुरुस्तीवाला होता, एक विधवा शिवणकाम करायची ती होती, चहाटपरीवाला होता. हे पाप म्हणून मी सांगत नाहीये. हे तर सगळ्या ऑफिसला माहीत होतं, आणि चहा पिताना आम्ही त्यावर हसायचोही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. थांबा — येतोय तिकडे.

याकूबचाचा पिंजारी होते. घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, तिथेच गाद्या-उशा भरून द्यायचे. भुवयांवर कायम कापसाचा भुगा. घरपट्टी दरसाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरायचे, आणि सगळ्या पावत्या एका तारेत ओवून खिळ्याला टांगून ठेवायचे. आख्ख्या वॉर्डात इतका नियमाने वागणारा माणूस मी पाहिला नाही. अशा माणसांची मला चीड यायची. का? — सांगतो. नियमाने कर भरणारा माणूस कधी ना कधी प्रश्न विचारतो.

त्यांनी विचारला. वॉर्डाची सभा होती, शाळेच्या पटांगणात. मुख्याधिकारी होते, नगराध्यक्ष होते, आम्ही सगळे मागे खुर्च्यांवर. चाचा पावती हातात घेऊन उभे राहिले.

"साहेब, या पावतीवर दिवाबत्तीचा कर लिवेल हाय. दरसाल भरतो मी. मंग आमच्या गल्लीत दिवा काऊन नाही? त्या पैशाचं काय करता तुमी?"

मुख्याधिकाऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोला, म्हणाले. आणि मला उत्तर माहीत होतं हो. त्या गल्लीत चार खांब उभे केल्याचं बिल दोन वर्षांपूर्वीच निघालं होतं. फाईल माझ्या टेबलावरून गेली होती. मी उभा राहिलो आणि नुसता त-त प-प करत राहिलो. शेवटी चाचांनाच माझी दया आली.

"राहू द्या साहेब, याइले काय इचारता? हे त निस्ते पावत्या फाडतेत."

सगळं पटांगण हसलं. मुख्याधिकारीही हसले. त्या माणसाने मला वाचवायला ते वाक्य म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही राग आला. नुसता पावत्या फाडतो काय मी? आता याला दाखवतोच पावती म्हणजे काय असते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. खांबांचे पैसे ज्यांनी खाल्ले त्यांनी नाही, मुख्याधिकाऱ्यांनीही नाही. कुणी सांगितलं असतं तर आज सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

फेब्रुवारीत मी यादी काढायला रजिस्टर उघडलं, तर चाचांच्या नावापुढे रकाना कोरा. असं कसं? त्यांची पावती मीच लिहिली होती, एप्रिलमध्ये, स्वतःच्या हाताने. पावतीपुस्तक काढलं. त्यात आमच्याकडे राहणारी प्रत होती. मग कळलं — नोंद करताना माझीच एक ओळ चुकली होती. त्यांचा कर मी खालच्या घराच्या नावावर चढवला होता. त्या घराचा मालक सुरतला निघून गेलेला, घराला वर्षानुवर्षं कुलूप. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला किती वेळ लागला असता? लाल पेनाने एक रेघ, वरती बारीक सही. अर्धं मिनिट. मी लाल पेन उघडलंसुद्धा. मग टोपण परत लावलं, आणि निळ्या पेनाने याकूबचाचांचं नाव यादीत लिहिलं.

इथवर तुम्ही म्हणाल, खुन्नस काढली. पुढचं ऐका.

आठ-दहा दिवसांनी चाचा ऑफिसात आले. यादीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. नसरीन, त्यांची मुलगी, हिला बघायला पाहुणे यायचे होते.

"जुम्म्याच्या रोजी येऊन राह्यले, साहेब, जळगाव जामोदहून. दारातली नाली तुंबेल हाय, वास येते. तेवढी काढून द्या ना, लय उपकार होतीन."

मी म्हटलं, काळजी करू नका चाचा. त्यांना चहा पाजला. मुलगा काय करतो, किती भाऊ, सगळं विचारलं. ते गेल्यावर यादी घेतली, त्या गल्लीचा वार खोडला आणि शुक्रवार टाकला, दुपारच्या नमाजानंतरचा. नालीही काढून दिली, बरं का. गुरुवारी सफाई कामगार पाठवले, वरून पांढरी पावडर टाकायला लावली. बँडवाल्यांना उभं राहायला जागा हवी होती. — हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. तसंच ठेवतो.

शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा दारात पाहुण्यांची जीप उभी होती. पाहुणे आत बसलेले, पडद्याआड भांड्यांचा आवाज. बँडचा म्होरक्या माझ्याजवळ आला. "साहेब, याइच्या घरी त पाहुणे हायेत. वाजवाव का?" चार घरी लग्नात वाजवणारा माणूस तो, त्याला कळलं. मी म्हटलं, "वाजव बे."

गल्लीतली पोरं धावत आली आणि नाचायला लागली. पाहुण्यांमधले एक म्हातारे दाराशी येऊन उभे राहिले. हसत होते. आपल्या स्वागताला बँड लावला असं त्यांना वाटलं असावं. चाचाही मागून आले आणि गोंधळून माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना हसू दिलं. घाई काय होती? मग हात वर करून बँड थांबवला आणि भोंग्याचा माईक स्वतः घेतला. एरवी नावं शिपाई वाचायचा. त्या दिवशी मी वाचलं — पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि पुढे "थकबाकीदार".

चाचा आत धावले. ती पावत्यांची तार घेऊन बाहेर आले. चष्मा आतच राहिला होता, त्यामुळे पावती डोळ्यांजवळ धरून एकेक बघत होते, आणि सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. शेवटी पावती सापडली. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. माझंच अक्षर, माझीच सही. "ही पाहा ना साहेब, तुमीच त देली."

माईक अजून चालू होता. तो बंद करता आला असता. मी तो तोंडाजवळ धरला आणि म्हणालो, रजिस्टरला अशी नोंद नाही, ही पावती खरी की खोटी ते तपासावं लागेल.

खोटी. तो शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दाराशी उभे असलेले म्हातारे आत गेले आणि थोड्या वेळाने सगळेच बाहेर आले. चहा तसाच राहिला असेल. जीप निघताना पडदा हलला, त्यामागे ती मुलगी होती. तिच्या अंगावर हिरवा जरीचा ओढणीवाला ड्रेस होता. मी तिला पाहिलं. तिनेही मला पाहिलं.

वाईट वाटलं का? नाही. खरं सांगायचं म्हणून तर बसलोय. मला मजा आली. त्या संध्याकाळी मी घरी भजी करायला लावली.

पुढे चाचांनी अर्ज दिला, पावतीची झेरॉक्स जोडून. मुख्याधिकाऱ्यांनी माझा अहवाल मागवला. मी लिहिलं, सदर पावतीची नोंद रजिस्टरला आढळत नाही, सबब पावतीच्या सत्यतेबाबत साशंकता वाटते. ते पावतीपुस्तक मी जुन्या, नष्ट करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवलं, आणि वर्षभरात तो गठ्ठा रीतसर मंजुरीने रद्दीत गेला. माझ्या अहवालावर तीन साहेबांच्या सह्या झाल्या. एकानेही पुस्तक काढून बघा म्हटलं नाही. चाचा पुन्हा आले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं — प्रकरण वाढवू नका, बनावट पावतीचा गुन्हा दाखल झाला तर पोलीस घरी येतील, मुलगी लग्नाची आहे तुमची. बघा, किती काळजी होती मला.

मग त्यांना लोकअदालतीची नोटीस गेली. कोर्टाच्या आवारात मंडप, टेबलं, थकबाकीवाल्यांची रांग. न्यायाधीशांनी विचारलं, तडजोड मान्य आहे ना? चाचा "हाव" म्हणाले आणि कागदावर उर्दूत सही केली. एकदा भरलेला कर त्यांनी दुसऱ्यांदा भरला. पावती लिहायला टेबलावर मीच होतो. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"साहेब, ही तरी खरी हाय ना?"

रांगेतली माणसं हसली. मीही हसलो, आणि पुढच्याला बोलावलं.

जळगाव जामोदची सोयरीक मोडली. ज्याच्यावर खोट्या पावतीचा बोल आला, त्याच्या घरी कोण सोयरीक करणार? नसरीनचं लग्न चार वर्षांनी झालं, दोन मुलं असलेल्या बिजवराशी. वॉर्डाच्या सभा होत राहिल्या. चाचा येऊन मागच्या रांगेत बसायचे आणि गप्प उठून जायचे. त्या गल्लीतून नंतर कुणीच काही विचारलं नाही. घरपट्टी मात्र ते तशीच एप्रिलमध्ये भरायला यायचे, फक्त आता सोबत एक माणूस आणायचे, मी पावती लिहिताना बघायला. काउंटरवर आम्ही त्यांचं नाव ठेवलं होतं, साक्षीवाले चाचा. ते नाव मीच ठेवलं होतं.

मी निवृत्त झालो. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या घरची पट्टी भरायला गेलो. खिडकीवर नवा मुलगा, मला ओळखत नव्हता. ऊन तापलेलं, रांग पायऱ्यांपर्यंत आलेली. माझ्या पुढे याकूबचाचा. गुडघे गेलेत त्यांचे, एक हात भिंतीला लावून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि भिंतीला टेकून बाजूला झाले.

"तुमी व्हा पुढे, साहेब," म्हणाले.

मी झालो.