उसवलेला पट्टा

आमचे काचवाले काका उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुतात. मागच्या महिन्यात पाळण्याचा दोर तुटला आणि ते नवव्या मजल्यावर नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर अर्धा तास लोंबकळले. त्यानंतर आज पहिल्यांदाच उतरायचं होतं, म्हणून संघटनेतर्फे मीही गच्चीवर आले होते. गच्चीच्या कठड्यापाशी ते खाली बघायचं टाळत होते. मुकादमानं पट्टा पुढे केला. त्याची शिवण उसवलेली होती.

"हा नको साहेब, दुसरा द्या."

"उठता-बसता प्रार्थना करतोस ना? मग देव धरेल की तुला!" मुकादम खिदळला. "नाहीतर उद्यापासून येऊच नकोस."

माझं डोकंच फिरलं. कामगारांसाठी भांडण्यात माझा जन्म गेला. तोच पट्टा मुकादमाला बांधून खाली सोडावं, असं वाटलं. मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा बर्फासारखा गार होता.

"साहेब, आमच्या बायबलात सैतानानंही प्रभूला उंचावर नेऊन हेच सांगितलं होतं, मार उडी, देव झेलेल. प्रभूनं मारली नाही. मग मी कोण लागून गेलो?"

बाकीचे तिघे काचवाले खो खो हसले आणि आपापले पट्टे तपासायला लागले. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. कोठीतून नवे पट्टे आले.

काका कठड्यावरून उतरले ते स्तुतीचं गीत गातच, पण आवाज कापत होता. मी वाकून विचारलं, "गेली का भीती?"

"छे गं ताई, ती कुठली जातेय! पण गाणंही थांबत नाहीये बघ."

आणि ते खाली सरकले.